अगंबाई, केमिस्ट्रीलापण?

डोंबिवलीत गुपित टिकत नाही. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून गळतंय आणि तरी कोण कबूल होत नाही, कॅनडाला गेलेल्या कुणाच्या चिरंजीवांनी तिकडे काय रंग उधळले, सगळं फडके रोडवर एक चक्कर मारली की कळतं. तेही तिखटमीठ लावून. पण हल्ली एक गोष्ट आमच्या बायका पोटात अशी काही दडवून ठेवतात की नवऱ्याचा पगारसुद्धा कधी कुणी इतका दडवला नसेल. ती गोष्ट म्हणजे केमिस्ट्रीच्या पर्सनल सरांचा मोबाइल नंबर.

खोटं वाटत असेल तर मागून बघा. उकडीच्या मोदकाची उकड कशी काढायची हे फोनवर पाऊण तास सांगणाऱ्या, आपला ब्लाउज शिवणारा टेलर हसतहसत चारजणींना वाटून टाकणाऱ्या बाई केमिस्ट्रीच्या सरांचं नाव काढलं की एकदम सावध होतात. "अगं, त्यांच्याकडे स्लॉटच नाही आता." "नवीन कुणाला घेत नाहीत म्हणे." "ओळखीशिवाय येतच नाहीत गं ते." मग ओळख करून दे की बाई! पण नाही. विषय बदलतो आणि तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू होते.

आता कुणी म्हणेल, शिकवणीच लावली ना, हातभट्टी तर नाही ना लावली? थांबा. शिकवणीशिकवणीत फरक असतो. गणिताची शिकवणी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली, तिला समाजमान्यता आहे. फिजिक्सला घरी सर येतात म्हटलं तर उलट घराचं वजन वाढतं. पोरगा काहीतरी भारी करतोय असं वाटतं. बायोलॉजी काय, पाठच करायची, तिथे सर येऊन करणार काय? पण केमिस्ट्री? केमिस्ट्री तर स्कोअरिंग! सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला जमलेल्या यच्चयावत काकांनी हे आपल्याला सांगून ठेवलंय. "फिजिक्स मारतं, मॅथ्स रडवतं, पण केमिस्ट्री तारून नेते." त्या तारून नेणाऱ्या विषयालाच शिकवणी लावायची, तीही एका मुलामागे एक सर अशी, म्हणजे हात दाखवून अवलक्षणच की. म्हणून तर ही एवढी लपवाछपवी.

आमच्याच बिल्डिंगचं सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊच्या ठोक्याला एक गृहस्थ बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जायचे. पाठीला सॅक, हातात हेल्मेट, चेहरा गंभीर. दीड तास वर, मग खाली. त्या घरातले साहेब नोकरीनिमित्त दुबईला. बायकांनी जे तर्क केले ते छापण्यासारखे नाहीत. एका भाबड्या जीवाने "एलआयसीचे असतील" म्हणून बघितलं, पण एलआयसीला दीड तास कोण बसवून घेतं? शेवटी वॉचमनची वही उघडली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात त्या गृहस्थांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ऑरगॅनिक. झालं. निम्म्या बिल्डिंगचा असा समज झाला की बी विंगमध्ये सेंद्रिय भाजी येते. दोन-तीनजणींनी तर वहिनींकडे पालकाची ऑर्डरही दिली. वहिनींनी ती निमूट घेतली आणि बाजारातून पालक आणून दिला, पण सरांचं नाव नाही काढलं. याला म्हणतात निष्ठा!

बरं, स्कोअरिंग म्हणजे किती स्कोअरिंग ते तरी बघू. नीटच्या ७२० मार्कांत केमिस्ट्रीचे १८०, म्हणजे फिजिक्सइतकेच. बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर पदरचा एक गेला. आणि दोन मुलांना सारखे मार्क पडले की आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्रीचे, फिजिक्सची पाळी त्यानंतर. म्हणजे जिला आपण सुटसुटीत समजत होतो ती बाई न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेली! सीईटीला तर आणखी मजा. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न, वेळ दोघांत मिळून ९० मिनिटं. फिजिक्सला गणितं, त्याला तासभर लागतो हे सगळे धरूनच चालतात. उरला अर्धा तास. अर्ध्या तासात केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. ३६ सेकंदांत मला चष्मा सापडत नाही.

आणि ही केमिस्ट्री म्हणजे एक विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बारावीच्या मुलाच्या कपाटात एकदा डोकावून यावं. एका नावाखाली तीन संसार चाललेत. फिजिकलमध्ये लॉगची गणितं, ऑरगॅनिकमध्ये बाणच बाण, इनऑरगॅनिकमध्ये नुसती घोकंपट्टी. त्या ऑरगॅनिकमध्ये माणसांच्या नावाच्या रिॲक्शन्स: कॅनिझारो, सँडमायर, रायमर-टीमन, गॅब्रिएल, हॉफमन. हॉफमनच्या नावावर तर एकाहून जास्त भानगडी आहेत, आणि मुलांनी कुठली कुठल्या प्रकरणातली ते ओळखायचं. त्यामुळे हल्ली तिन्ही संसारांना तीन वेगळे सर लावायची टूम निघाली आहे. "फिजिकलचे सर सोमवारी, ऑरगॅनिकचे बुधवारी, इनऑरगॅनिकच्या मॅडम ऑनलाइन." एका विषयाला तीन माणसं! आमच्या काळी अख्ख्या शाळेला सायन्सचे तीन शिक्षक नव्हते.

इनऑरगॅनिकच्या मॅडमची करामत मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. लिफ्टमध्ये एक मुलगा डोळे मिटून पुटपुटत होता, "बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी." मला वाटलं पोराने घरी गाडीचा हट्ट धरलाय आणि बाप विरघळलाय. तर नाही. ते बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम होतं. मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडला तोच मुळी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिता लिहिता. त्या थोर माणसाच्या तक्त्यातल्या उभ्या रांगेत आमच्या पोरांनी कार-स्कूटर लावून ठेवल्यात. आणि खरी गंमत पुढे आहे. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून या मूलद्रव्यांचा धडाच गेला. बाप राजी होऊन उपयोग काय? पण थांबा, सीईटी आपल्या राज्याच्या पुस्तकांवर, तिथे तो धडा आहे. सॉलिड स्टेटचंही तेच. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा, आणि नीटला त्याची गरज नाही. जो मुलगा बोर्ड, सीईटी आणि नीट तिन्ही देणार (आणि न देणारा मला अजून भेटायचाय) त्याने कुठला धडा कुणासाठी वाचायचा याचा हिशेब ठेवायलाच एक माणूस लागतो. पर्सनल सरांचा अर्धा पगार त्या हिशेबाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशांकडे येऊ, कारण चर्चा तिथे आल्याशिवाय खमंग होत नाही. मुलाने कॉलेजात प्रवेश घेतला, त्याची फी. कॉलेज इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज नावाला आणि क्लास गावाला, त्या क्लासची फी. क्लासमध्ये एका वर्गात शंभरावर पोरं, म्हणून शंका विचारायला वेगळं डाउट काउंटर. तिथे रेल्वेच्या तिकीट खिडकीला असते तशी रांग, आणि नंबर येईपर्यंत शंकेलाच शंका यायला लागते. मग टेस्ट सिरीज, तिची फी वेगळी. आणि एवढं सगळं करून केमिस्ट्रीत मार्क पडेनात म्हणून पर्सनल सर. त्यांचा दर? तासाला म्हणे हजार. दुसरी म्हणते पंधराशे. तिसरी काहीच म्हणत नाही, फक्त सुस्कारा सोडते, त्यावरून समजायचं. म्हणजे मुळात जे काम कॉलेजने करायचं होतं ते क्लासने घेतलं, क्लासचं सरांनी घेतलं, आणि सरांनी दिलेला होमवर्क रात्री अकराला आई यूट्यूब लावून करून घेते. हे काम फिरत फिरत परत घरीच आलं की हो!

सरकारला यातलं कळत नाही असं समजू नका. केंद्राने २०२५ मध्ये शिक्षणावरच्या खर्चाची पाहणी जाहीर केली, तिच्यात देशातले २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात असं निघालं. शहरांत तर तीस टक्क्यांच्या वर. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसना तंबी देऊन झाली होती: सोळा वर्षांखालची मुलं घेऊ नका, रँकची आमिषं दाखवू नका, वगैरे. पण कोचिंग सेंटर कशाला म्हणायचं? तर जिथे पन्नासहून जास्त विद्यार्थी आहेत त्याला. आमच्या सरांकडे एका वेळी विद्यार्थी एक. पन्नासात एकोणपन्नास कमी! शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमात शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये असं साफ म्हटलंय, पण तो कायदा आठवीपर्यंतचा आणि केमिस्ट्रीची साथ अकरावीत येते. थोडक्यात, बी विंगच्या लिफ्टमध्ये हेल्मेट घेऊन उभा असलेला तो माणूस कुठल्याच कायद्याच्या तावडीत सापडत नाही. उगाच नाही त्याचा चेहरा गंभीर असूनही पाऊल हलकं पडत.

सरांचेही प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात मागणी असलेला म्हणजे आयआयटीतून नुकताच निघालेला विशीतला पोरगा. त्याला मुलं 'भैया' म्हणतात आणि आया 'सर'. तो येत नाही, तो दिसतो. टॅबवर लिहितो, कॅमेरा बंद ठेवतो आणि बोलतो इतक्या वेगाने की मुलाला कळलं का हे त्यालाही कळत नसावं. दुसऱ्या एक मॅडम आहेत, पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवून आता घरी घेतात. त्यांच्याविषयी मी काही वाईट लिहिणार नाही, कारण त्या माझ्या मावससासूबाईंच्या भिशीत आहेत.

पण खरी खळबळ उडवली ती एमआयडीसीतल्या सरांनी. हे गृहस्थ शिक्षक नाहीतच! आयुष्यभर आमच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, निवृत्त झाले आणि शिकवायला लागले. आता डोंबिवलीच्या माणसाला केमिस्ट्री काय नवीन? आम्ही ती पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी नाकाने घेतो. २०२० मध्ये तर एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता, पेपरांत फोटो आले, बघायला मुख्यमंत्री आले. अशा गावात कारखान्यातल्या माणसाला खरं तर मखरात बसवायला हवं. पण आयांच्या कमिटीने त्यांना पहिल्याच फेरीत बाद केलं. का? "त्यांना पॅटर्न माहीत नाही." "ट्रिक्स देत नाहीत." "मागच्या वर्षांचे प्रश्न, पीवायक्यू हो, ते विचारले तर म्हणाले, हे काय असतं?" आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "अहो, ते मुलांना प्रश्न विचारतात!"

मी ए विंगमध्ये विरजण मागायला गेले होते. (लोक म्हणतात मी ऐकायला गेले होते. म्हणोत.) डायनिंग टेबलाशी हेच बाद झालेले सर आणि त्या घरातली बारावीतली मुलगी बसलेली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई मटार सोलत. मुलीने प्रोपीन आणि एचबीआरची रिॲक्शन लिहिली. उत्तर बरोबर, मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाप्रमाणे. सरांनी वही आपल्याकडे ओढली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "हा बाण कुठून निघालाय?" मुलगी म्हणाली, "हायड्रोजनकडून, डबल बाँडकडे." "हायड्रोजनवर काय लिहिलंयस?" "प्लस." "म्हणजे त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत का?" मुलगी गप्प. सर म्हणाले, "बाण म्हणजे इलेक्ट्रॉन जातायत. ज्याचा खिसा रिकामा, तो उसने देणार कुठून? देणारा डबल बाँड, घेणारा हायड्रोजन. बाण तिकडून काढ." मुलीने खोडलं, उलट काढलं, आणि मग मागची पानं उलटायला लागली. पान, पान, पान. सगळीकडे बाण उलटे. सगळी उत्तरं बरोबर!

तिथे माझ्या हातातली वाटी विसरली गेली. कारण सीईटी काय आणि नीट काय, दोन्हीकडे पर्याय निवडायचा. कॉम्प्युटर म्हणा, ओएमआर म्हणा, त्याला फक्त गोल दिसतो. बाण कुठून निघाला हे बघणारं त्या सगळ्या व्यवस्थेत कुणीच नाही. शंभर मुलांच्या वर्गात सर फळ्यावर लिहितात, मुलं उतरवून घेतात, टेस्ट होते, मार्क मोबाइलवर येतात, आईबाबा ग्राफ बघतात. अकरावीपासून त्या पोरीच्या वहीत एकाही माणसाने डोकं घातलं नव्हतं. आम्ही बायका हजार की पंधराशे यावर रक्त आटवत होतो, आणि ते पैसे नक्की कशाचे हे मला त्या दिवशी विरजण मागताना दिसलं. वहीत डोकावायचे. तेवढ्यासाठी एवढी किंमत मोजावी लागणं हा खरा बभ्रा करण्यासारखा विषय आहे, पण त्यावर कुणी व्हॉट्सॲप ग्रुप काढत नाही.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. खोकल्याच्या औषधाचं झाकण मागितलं, त्याने मोजून १८ मिली पाणी एका वाटीत घेतलं आणि म्हणाले, "हा एक मोल. पी." मुलगी बघतच राहिली. मोल म्हणजे तिच्या लेखी ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, फॉर्म्युला शीटवरचा एक आकडा. तो दोन घोटांत पिता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग डायझोनियमची गोष्ट निघाली. पुस्तकात एक ओळ असते, तापमान २७३ ते २७८ केल्व्हिन. मुलं पाठ करतात. सर म्हणाले, "शून्य ते पाच डिग्री. मी ते केल्व्हिनमध्ये नाही, बर्फाच्या लाद्यांत मोजलंय. मे महिन्यात बर्फाची गाडी उशिरा आली की अख्खी शिफ्ट देवाचं नाव घ्यायची, कारण गरम झालं की त्यातला नायट्रोजन बुडबुडे होऊन निघून जातो आणि हातात राहतो फिनॉल. तुझ्या या ओढणीचा केशरी रंग बघ. असले कितीतरी रंग त्या बर्फातून आलेत." मुलीने ओढणीकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच दुकानातून आणली. आईचे मटार केव्हाचे संपले होते, पण ती उठली नव्हती.

हा प्रकार मी बाहेर येऊन सांगितला तर काय प्रतिक्रिया यावी? "पण सिलॅबस कधी संपवणार ते?"

इकडे आणखी एक लफडं उघडकीला आलंय. त्या भिशीतल्या मॅडम (वाईट लिहिणार नाही म्हटलं होतं, हे वाईट नाही) पहाटे साडेपाचला उठून केस विंचरतात, वर कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पावडर, टिकली. शेजारच्यांना वाटायचं, काकडआरतीला जातात. पण घराबाहेर पाऊल नाही! सहाच्या ठोक्याला लॅपटॉप उघडतात. तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि मूळच्या आपल्याच कुणा कुटुंबातली मुलगी तिकडच्या शाळेतली एपी केमिस्ट्री घेऊन बसलेली असते. तिकडे पाचपैकी मार्क देतात. पाचपैकी! इथे ७२०पैकी रडणाऱ्या आयांना हे ऐकून हसावं की रडावं कळेना. त्या मुलीच्या आजी मात्र मागे सोफ्यावर बसून असतात, आणि तास संपला की नातीला बाजूला सारून मॅडमना विचारतात, "तिकडे पाऊस सुरू झाला का हो?" फी डॉलरमध्ये असते. किती, ते विचारलं तर मॅडम हसून पुढची भिशी कुणाकडे आहे ते विचारतात.

आमच्या 'ह्यांचं' म्हणणं, हे सगळं नवीन थेर आहे. त्यांच्या काळी कुणी केमिस्ट्रीला शिकवणी लावत नव्हतं. (त्यांचे बारावीचे केमिस्ट्रीचे मार्क मी बघितलेत, लावायला हरकत नव्हती.) पण थेर जुनंच आहे म्हटलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात जेन मार्सेट नावाच्या बाईंनी केमिस्ट्रीवर पुस्तक लिहिलं, तेही स्वतःचं नाव न घालता. अख्खं पुस्तक म्हणजे एक बाई आणि तिच्या दोन शिष्या, घरात बसून संवाद. घरची शिकवणीच ती! एका बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या पोराने ते पुस्तक वाचलं आणि तो केमिस्ट्रीच्या नादी लागला. पोराचं नाव मायकेल फॅरेडे. दुसरा पुरावा पॅरिसचा. मेरी क्युरीबाईंना आपल्या लेकीसाठी शाळा पसंत पडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापक मित्रमंडळींनी मिळून आपापली मुलं वाटून शिकवली. दहाएक मुलं. फिजिक्स स्वतः क्युरीबाई शिकवणार, गणित लांजव्हँ, केमिस्ट्री झां पेरॅं. पेरॅंना पुढे नोबेल मिळालं. लेक आयरीन, तिला १९३५ मध्ये मिळालं. कशात? केमिस्ट्रीत! म्हणजे बघा, क्युरीबाईसुद्धा केमिस्ट्रीला बाहेरचे सर लावून मोकळ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात केमिस्ट्रीचं नोबेल पुढे यायचंच होतं. हे ऐकल्यावर 'ह्यांनी' पेपर वर केला.

त्यावरून आठवलं, बसा खाली आधी. बी विंगमध्ये येणाऱ्या त्या ऑरगॅनिकच्या सरांची मुलगी बारावीला आहे. ती केमिस्ट्रीला कुठे जाते माहीत आहे? भिशीतल्या मॅडमकडे! घरात ऑरगॅनिकचा एवढा मोठा माणूस आणि पोरगी रिक्षाने मॅडमकडे. का, तर म्हणे, "बाबा शिकवायला लागले की दहाव्या मिनिटाला आई मध्ये पडते." आणि मॅडमचा मुलगा? तो इंजिनीअर झाला, पण त्या वेळी त्याला कुणी शिकवलं विचारलं तर मॅडम पुन्हा भिशीवर जातात. आपल्या पोराला आपण शिकवू शकत नाही, हे या धंद्याचं भांडवल आहे आणि ते कधी आटायचं नाही.

सध्या बाजार तेजीत आहे. दहावीचा निकाल लागायचाय, पण अकरावीच्या केमिस्ट्रीचे स्लॉट गेले. एका घरी तर आठवीतल्या मुलाला 'फाउंडेशन' म्हणून लावलेत. त्या पोराला अजून लिंबू आंबट का लागतं हे विचारायची हौस आहे, ती दोन महिन्यांत जाईल. एमआयडीसीच्या सरांकडेही आता गर्दी वाढायला लागली होती, त्या मुलीचे बाण सरळ झाल्याची बातमी माझ्याकडूनच फुटली असावी. पण सरांनी सगळ्यांना नकार दिला. शनिवार दुपारचा मोकळा स्लॉटसुद्धा कुणाला देईनात. कुणी विचारलं तर म्हणत, "भरलाय." कुणी भरला? कुणाच्या पोराने? आयांनी आपापल्या घरात उलटतपासणी घेतली. कुणाचंच पोर नव्हतं.

गेल्या आठवड्यात उलगडा झाला. ए विंगमधल्या त्या मटार सोलणाऱ्या वहिनींच्या नावाने एक लांबलचक पार्सल आलं. वॉचमनने ते चुकून सेक्रेटरींच्या घरी दिलं आणि त्यांच्या मिसेसने ते, चुकूनच, उघडलं. आत काचेची लांब नळी, खाली छोटा नळ, अंगावर रेघा. बघायला अर्धी कमिटी जमली. एक म्हणाले, हुक्का. दुसरे म्हणाले, हातभट्टी आता घरोघर चालते, नेटवर सगळं मिळतं. तिसऱ्यांनी उपनियम काढला. वहिनींना बोलावणं गेलं. त्या आल्या त्या हात पुसतच.

"शनिवारी दुपारी सर येतात ते माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "एफवायबीएस्सीला केमिस्ट्रीच होती माझी. मध्येच लग्न ठरलं, राहिली. व्हिनेगरच्या बाटलीवर चार टक्के ॲसिड लिहिलंय, खरं किती असतं ते मोजायचंय. कॉस्टिक आणि इंडिकेटर सर आणणार आहेत." सगळे गप्प. परीक्षा नाही, कॉलेज नाही, नोकरी नाही, मार्क नाहीत, आणि तासाला पैसे मोजून केमिस्ट्री! सेक्रेटरींना यावर कुठला उपनियम लावावा सुचेना. शेवटी त्यांच्या मिसेसने विचारलं, "पण अहो, हे आहे तरी काय?"

"ब्युरेट. पन्नास मिलीची," वहिनी म्हणाल्या. नळी उजेडात धरून त्यांनी एकदा वरून खाली बघितली, नळ फिरवला, तो हलेना. "आणि उघडलंत ते उघडलंत, पण हा नळ एवढा करकचून कुणी आवळला? तेवढा सैल करून द्या."